पुशची पाटी आणि दाराची मूठ

गावात काचेची दारं नवी नवी आली होती, तेव्हाची ही गोष्ट. जनार्दन मिठाईवाल्यांनी हौसेनं दुकानाला तसं दार बसवलं. बाहेरून 'पुश' म्हणजे ढकला आणि आतून 'पुल' म्हणजे ओढा, अशा पाट्या लावल्या. दोन्ही बाजूंना चकचकीत पितळी मुठी बसवल्या.

आतून कुणी अडत नसे. बाहेरून येणारा मात्र मूठ धरून ओढतच राही.

"काय अडाणी लोक!" पुशची पाटी फणकारायची. "एवढं ठळक लिहिलंय, तरी ओढतात!"

एकदा पेढे घ्यायला आलेल्या गयाबाईंनी असा हिसका दिला की अख्खं दार हादरलं. जनार्दन वैतागले, "उद्या हे दार काढूनच टाकतो!"

पाटी रडकुंडीला आली. शेजारची मूठ म्हणाली, "चूक माझी आहे गं. मूठ दिसली की हात ओढणारच. डोळे वाचेपर्यंत हाताला कुठला दम?"

मग तिनं आपले स्क्रू हळूच सैल सोडले. पुढच्या गिऱ्हाइकानं ओढलं, तशी ती त्याच्या हातातच आली. धरायला काही उरलं नाही, म्हणून त्यानं दार ढकललं. दार उघडलं!

जनार्दनांनी दार तसंच ठेवलं आणि मूठ पेढ्यांच्या खणाला लावली.

"बघा, शिकले की नाही लोक इंग्रजी!" पाटी ऐटीत म्हणाली.

मूठ नुसती हसली. आता तिला ओढलं की पेढ्यांचा खण उघडत होता.