महाराजांची मिशी आणि पेठेतला डिंक

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्या.

चांदवडीच्या राजाने सकाळी सकाळी हुकूम सोडला, "कोष्टीआळीची विहीर उद्या सूर्य उगवायच्या आत बुजवून टाका!"

गेनू न्हावी तेव्हा राजाची दाढी करत होता. त्याचा वस्तरा हवेतच थांबला. त्याचं स्वतःचं घर कोष्टीआळीत होतं, आणि आळीतली चाळीस घरं त्या एकाच विहिरीवर जगत होती. भात शिजायचा तिच्या पाण्यात, सूत भिजायचं तिच्या पाण्यात.

"महाराज, विहिरीने काय गुन्हा केला?"

"तुला माहीत नाही? तिचं पाणी पिणारा माणूस शेळीसारखा बें बें करतो!"

"मी जन्मापासून तेच पाणी पितो, महाराज. मी कुठे बें बें करतो?"

"आज नाही करत, उद्या करशील! सेनापतींनी सांगितलं, दिवाणजींनी सांगितलं, बागेच्या माळ्यानेही सांगितलं. तीन तोंडांतून ऐकलेली गोष्ट खरीच असते, हा माझा नियम आहे!"

"पण असं काही घडलंच नाही हो!"

राजा पक्का हट्टी. फेसाळलेल्या तोंडानेच तो गरजला, "घडलं नाही? मग न घडलेली गोष्ट मला आणून दाखव! संध्याकाळपर्यंत वेळ देतो. नाही दाखवलीस, तर कुदळी-फावडी निघाली म्हणून समज!"

आता न घडलेली गोष्ट आणायची कुठून? गेनू धोकटी काखेत मारून बाहेर पडला. आळीतल्या सगळ्यांना दरबारात उभं करावं? राजा म्हणेल, उद्या बें बें करतील. त्याच्यासमोर हंडाभर पाणी पिऊन दाखवावं? म्हणेल, परवा करशील. पेठेच्या तोंडाशी येऊन गेनू थबकला. मग गालातल्या गालात हसला आणि सरळ लाडोबा वाण्याच्या दुकानात शिरला.

"शेट, डिंक द्या. एकदम चिकट. दिवसभर टिकला पाहिजे."

"लाडू करतोस की काय?"

"लाडू कसले! राजवाड्यातलं काम आहे. सकाळचं." गेनूने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "जास्त विचारू नका."

वाण्याने तराजू खाली ठेवला आणि तो पुढे वाकला. "अरे, तू तर महाराजांच्या मिशीला..."

"मी काही बोललो नाही हां!" म्हणत गेनू पुडी घेऊन पसार झाला.

वाण्याने तेलिणीला सांगितलं, महाराजांची मिशी चिकटवलेली आहे. तेलिणीने बागेत तेल पोचवताना माळ्याला सांगितलं, ती घोड्याच्या शेपटीची आहे. दुपारी पारावर दोन म्हाताऱ्यांची घोडा काळा की पांढरा यावरून जुंपली. आणि उन्हं कलली तेव्हा राजवाड्यासमोर ही गर्दी!

राजा सज्जात आला. "काय पाहिजे तुम्हाला?"

"काही नाही, महाराज!" मागून कोणीतरी ओरडलं. "जरा वारा सुटू द्या, मग बघतो आम्ही!"

सगळा प्रकार कळला तेव्हा राजा लालबुंद झाला. गर्दीला त्याने दरबारातच बोलावलं. "माझी मिशी खोटी असं कोण म्हणतं?"

सेनापती खाली मान घालून पुटपुटले, "ऐकलं होतं खरं." दिवाणजी म्हणाले, "मीही." माळी म्हणाला, "रागावू नका, पण मीसुद्धा."

"तीन तोंडं झाली, महाराज!" गेनू म्हणाला.

"गप! कोणीही या आणि मिशी ओढून बघा!"

"ओढून काय होणार? लोक म्हणतील, डिंक चांगला आहे. आज नाही निघाली, उद्या निघेल!"

"मग मी करू तरी काय?"

"न घडलेली गोष्ट दाखवा, महाराज. सूर्य मावळायला अजून वेळ आहे."

राजाने मिशीला हात लावून पाहिला. मग तो गर्रकन सेनापतींकडे वळला. "तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"नाही महाराज, दिवाणजींकडून ऐकलं." दिवाणजींनी माळ्याकडे बोट केलं, माळ्याने तेलिणीकडे, तेलिणीने वाण्याकडे. आणि वाणी ओरडला, "मला काही ठाऊक नाही, डिंक या गेनूने नेला!"

"नेला खरा," गेनू हात जोडून म्हणाला. "तोंडं तीन होती, महाराज, पण गोष्ट निघाली एकाच दुकानातून. आता हेच प्रश्न विहिरीबद्दल विचारा की!"

राजाने विचारलं. सेनापतींनी दिवाणजींकडून ऐकलं होतं, दिवाणजींनी माळ्याकडून, आणि माळ्याने हरबाशेटकडून. कोष्टीआळीच्या शेजारी या हरबाशेटची स्वतःची विहीर होती, आणि तो हंड्याला कवडी घेऊन पाणी विकायचा. मिशी बघायला तोही आलेलाच होता. शिपायांनी त्याला पुढे ढकललं.

"काय शेट," गेनू म्हणाला, "बें बें करणारा माणूस तुम्ही पाहिलात?"

"लोक म्हणतात..."

"कोण लोक? एक नाव सांगा. एकच!"

शेटला घाम फुटला. राजाच्या पायावर लोळण घेत तो म्हणू लागला, "बे... बे... बेअदबी..."

"महाराज, बें बें करणारा सापडला!" गेनूने टाळी वाजवली. "पण हे तर स्वतःच्याच विहिरीचं पाणी पितात!"

दरबार हसला, गर्दी हसली, आणि राजा तर इतका हसला की मिशी धरून बसावं लागलं. त्याने विहीर बुजवायचा हुकूम तिथल्या तिथे मागे घेतला. वर्षभर कोष्टीआळीचे हंडे फुकटात भरून देण्याचं काम हरबाशेटला दिलं, आणि गेनूच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने भरजरी पागोटं चढवलं.

"पण मिशीची गोष्ट तू सोडलीस, गेन्या, आता तूच ती आवर! उद्या घरोघर जाऊन खरं काय ते सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेनू नवं पागोटं घालून निघाला आणि त्याने पहिलं दार ठोठावलं ते तेलिणीचं.

"मावशी, महाराजांची मिशी खरी आहे बरं का."

तेलिणीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हे पागोटं कोणी दिलं रे?"

"महाराजांनी."

"मग तू दुसरं काय सांगणार!" म्हणत तिने धाडकन दार लावून घेतलं.

 गेनूने पागोटं उतरवून काखेत धरलं आणि शेजारच्या दाराची कडी वाजवली.