धुरपाआई आणि पंचमीचं दूध

फार वर्षं झाली या गोष्टीला. येरळेच्या काठी वांगरूळ नावाचं गाव, आणि गावाच्या वेशीबाहेर चिंचेखाली गारुड्यांची पालं पडायची. त्यातल्याच एका पालात धुरपा राहायची. अंगाने काटकुळी, बोलायला कमी, आणि हात इतका हलका की तिने उचललेल्या नागालासुद्धा आपल्याला कुणी उचललंय हे कळायचं नाही, असं म्हणतात.

तिचा नवरा सिदू गावोगाव नागांचे खेळ करायचा. एका पावसाळ्यात तो तापाने गेला. मागे राहिल्या नागांच्या टोपल्या. दिवसपाणी उरकल्यावर तिचा धाकटा दीर म्हणाला, "वैनी, टोपल्या माझ्याकडं द्या. खेळ मी चालवतो. तुमच्या भाकरीची काळजी नगं."

धुरपाने झाकणं उघडली. नाग रोजचेच होते. पण आज पुंगी नव्हती, लोकांचा गलका नव्हता, आणि त्या शांततेत तिला पहिल्यांदाच नीट दिसलं. तोंडं दोऱ्याने शिवलेली, टाक्यांभोवती पू धरलेला. तिने गोधडीची सुई घेतली आणि एकेक टाका उसवायला बसली.

"वैनी, येड लागलं का? डसंल की!"

"कशानं डसंल, भावजी? दात तर पाडल्यात तुमी."

दीर रागारागाने बाकीची पालं गुंडाळून पुढच्या गावाला निघून गेला. धुरपा मागे राहिली.

तिने नाग माळावर नेऊन सोडले. पण दात नसलेला नाग शिकार कशी करणार? संध्याकाळी जाऊन बघते तर जिथे सोडले तिथेच वेटोळं घालून पडलेले. तिने त्यांना पदरात घेऊन परत आणलं. पपईच्या पानाची पोकळ दांडी घ्यायची, तिच्यातून फेटलेलं अंडं थेंब थेंब नागाच्या घशात सोडायचं, खोबरेलात हळद कालवून तोंडाला लावायची, हेच मग तिचं दिवसभराचं काम झालं.

आणि हळूहळू गावाला तिचं अंगण ठाऊक झालं. लोक हौसेने जनावर पाळायचे, आजारी पडलं की तिच्या दारात ठेवून जायचे. कुणी घोरपड आणली, तिच्या कंबरेत दोरी रुतून मांस दिसत होतं. पाटलाच्या वाड्यातून चांदण्या पाठीचं कासव आलं. भाग्याचं म्हणून हौदाशी ठेवलेलं, पण पाठ मऊ पडली, खाणं सुटलं, तसं गड्याने ते वेशीबाहेर आणून टाकलं. धुरपा कुणाला नको म्हणाली नाही.

पण अंडी, तेल, थंडीत ऊब द्यायला गोवऱ्या, सगळ्याला पैसा लागतो. ती खुरपायला जायची, त्यातून तिचंच पोट भरायचं नाही. शेवटी एक दिवस तिने नागाची टोपली डोक्यावर घेतली आणि गावात मागायला गेली. झाकण जरा कलतं केलं की दारादारातून पैसे पडायचे. पदर जड झाला. मग एका दारात एक पोटुशी बाई आली. तिने लांबूनच नाणं फेकलं, ते पायरीवर पडून घरंगळत धुरपाच्या पायाशी आलं. "घे, पण जा इथनं," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

धुरपाने टोपलीचं झाकण घट्ट लावलं. सिदूनेही हेच केलं होतं. लोकांच्या भीतीवर आपली भाकरी भाजली होती. ती तशीच मागे फिरली आणि ज्याचे त्याला पैसे परत देत गेली. गाव अवाक झालं. गारुड्याच्या बाईने पैसे परत दिल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती टोपलीशिवाय मोकळ्या हाताने गेली. पण मोकळ्या हाताला कोण देतं? लोक म्हणायचे, "माणसाला मिळंना, आन् सापाला कुठनं देऊ?"

अशात नागपंचमी आली. बायका नटूनथटून दुधाचे तांबे घेऊन वारुळाला निघाल्या. वारुळाशी धुरपा हात जोडून उभी.

"बायांनो, पूजा करा, पर दूध वतू नगा. नागाला दूध सोसत न्हाई. दुधाचा पैका मला द्या, मी त्यांचं औषधपाणी करते."

एकच गलका झाला. पाटलीण सगुणाबाई पुढे आली. "सणाच्या दिवशी अभद्र बोलतेस? नाग दूध पितो, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय."

"पितो, बाईसाहेब. महिनाभर पाणी तोडल्यावर काय बी पितो. चला माज्यासंगं, बघा."

सगुणाबाई तणतणतच गेली, बाकीच्या बायका तिच्यामागे. पालात शिरली आणि थबकली. उबदार गवतात नाग निजले होते, जबड्यांवर हळदीचा लेप. आणि त्यांच्याशेजारी चांदण्या पाठीचं एक कासव माठाची भाजी कुरतडत बसलं होतं.

"हे… हे आमचं?"

"व्हय. पाठ घट होतीया आता."

"मला वाटलं, मेलं असेल." सगुणाबाई खाली बसली. कासवाने मान लांब करून तिच्या बांगडीचा वास घेतला. मग तिने पदराने डोळे टिपले, आणि बाहेर येऊन दाराशीचं रिकामं गाडगं पुढे ठेवत बायकांना म्हणाली, "आपापली दुधं घरी न्या गं, पोरांना पाजा. आणि त्याचे पैसे या गाडग्यात टाका." पहिला रुपया तिने स्वतः टाकला.

ते गाडगं धुरपाच्या हयातीत कधी रितं झालं नाही, असं म्हणतात. पुढे तिचा दीरही आला, म्हातारा होऊन. त्याने आपल्या टोपल्या मुकाट्याने तिच्यापुढे ठेवल्या. तिने त्याला आधी भाकरी वाढली, मग सुई काढली.

ती गेली त्या पहाटे तिच्याजवळच्या आणि रानातल्याही साऱ्या सापांनी एकाच वेळी कात टाकली. लोक आले तेव्हा तिच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या, तलम काती पसरल्या होत्या. गावाने तिला दुसरं कापड घातलं नाही, असं म्हणतात.

आजही वांगरूळात पंचमीला वारुळावर नुसतं हळदकुंकू वाहतात. दुधाचे पैसे धुरपाआईच्या नावाने गोळा होतात, आणि चिंचेजवळच्या खोलीत आजारी कासवं, दात काढलेले नाग, क्वचित शहरातून आलेला एखादा इग्वाना नावाचा परदेशी सरडा यांच्यावर त्यातून उपचार होतात. तालुक्याचे डॉक्टर येतात, वनखात्यालाही कळवलं जातं. कधीकधी एखादी गाडी येते, आतला माणूस खाली मान घालून पुठ्ठ्याचं खोकं पुढे करतो. म्हणतो, हौसेने आणलं होतं, आता जमत नाही. त्याला कुणी रागावत नाही. बसायला सांगतात, चहा देतात, खोकं हळूच आत नेतात. धुरपाआईही कधी कुणाला रागावली नव्हती, असं म्हणतात.