बिरजाची घागर

आमच्या पाथरटोलीत सकाळी विहिरीतून निघालेली पहिली घागर कुणी घरी नेत नाही. ती तळ्यात ओततात. येताना तळ्याच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, ओला पट्टा दिसला ना तुम्हाला, तो त्याचाच.

असे सांगतात, पूर्वी हे तळे गावच्या पाटलाचे होते. पाटलीण सायत्राबाई. तिची लेक बिरजा कमळाचे कंद काढायला पाण्यात उतरली, ती वर आलीच नाही. पोहणाऱ्यांनी तळ चाचपला, हाती काही लागले नाही. सायत्राबाई रडली नाही म्हणे. पाळीवर बसून राहिली आणि एवढेच म्हणाली, "पाणी सोडा. मला लेक पाहायचीय."

पाटलाच्या घरापुढे कोण बोलणार? पाळ फोडली. पाणी नाल्याला गेले, तळ उघडा पडला. बिरजा सापडली नाही. सायत्राबाई रोज उतरून गाळ उकरायची. नखे गेली तरी तिच्या हातांना कळत नव्हते म्हणतात.

मग विहिरी आटल्या. आधी पाळीजवळची, मग देवळाची, शेवटी पाटलाच्या परसातली. देवी कोपली म्हणून कोंबडे कापले, दोर लांब केले. काही होईना. तेव्हा शेजारची म्हातारी काशाय रिकामी घागर घेऊन तळात उतरली.

"पाटलीणबाई, पोर तुमची गेली. आमचं पाणी कशाला नेलं?"

"मी तळं सोडलं. विहिरींना हात नाही लावला."

"विहीर तळ्याचीच लेक, बाई. आई कोरडी पडल्यावर ती काय पिणार?"

पाळ बांधली की शोध संपला, हे सायत्राबाईला कळत होते. सकाळी तिने आपणच उकरलेला गाळ टोपलीत भरला आणि पाळीच्या भगदाडात टाकला. मग सारे गाव मातीला लागले.

पावसाळ्यात तळे भरले. विहिरी मात्र सावकाश चढल्या. तिच्या परसातल्या विहिरीतून पहिली घागर वर आली, तेव्हा तिच्यात कमळाची पाकळी होती म्हणे. विहिरीत कुठले आले कमळ? सायत्राबाईने ती घागर तळ्यावर नेली, ओतली आणि रिकामी घेऊन घरी आली. तेव्हाही ती रडली नाही.

आजही उन्हाळ्यात तळे खाली गेले की आमच्या विहिरींचे दोर लांबवावे लागतात. कधी दिवसभरात एकच घागर निघते. तीही आम्ही तळ्यालाच देतो.