मिसळणाच्या डब्यातली जागा

स्वयंपाकघराच्या राज्यात प्रत्येकाची जागा ठरलेली होती, आणि जागेवरूनच प्रत्येकाची किंमत ठरत असे. सर्वांत मानाची जागा मिसळणाच्या डब्यात. तिथे हळद, जिरं, मोहरी ही जुनी घराणी आपापल्या वाट्यांत ऐसपैस बसत. मधली एक वाटी मात्र रिकामी होती.

त्या वाटीवर मिरचीचा डोळा होता. तिची पणजी समुद्रापलीकडून गलबतात बसून आलेली. पण तो विषय निघाला की मिरची घाईघाईने आमटीच्या गप्पा सुरू करायची. तसं पाहिलं तर तिच्याशिवाय राज्याचं एक दिवस पान हलत नव्हतं. तरी तिचा मुक्काम आपला खिडकीतल्या सुपात. येता-जाता हळदीची पोरं विचारायची, मावशी, तुम्ही मूळच्या कुठल्या? आता बोला! इतक्या पिढ्या झाल्या तरी हेच. मिरचीला ते फार लागायचं.

अशात एक दिवस दाराशी नव्या भाज्यांची करंडी येऊन थांबली. त्यात ब्रोकोली होती, झुकिनी होती आणि एक ढोबळी मिरची होती. ही नात्याने मिरचीची धाकटी बहीण. तिने आत निरोप धाडला की ताई, तू आहेस म्हणून तर धीर करून आले, जरा शब्द टाक.

मिरचीचं धाबंच दणाणलं. इतकी वर्षं आपण इथल्याच म्हणून मिरवलं, आणि आता ही गुबगुबीत बया दारातून ‘ताई, ताई’ करतेय. उद्या सगळे म्हणणार, ही तुमच्यातलीच ना? मग कसली वाटी आणि कसलं काय!

सभा भरली. हळदीचं म्हणणं, दोघा-चौघांना घ्यायला काय हरकत आहे, खालची टोपली रिकामीच तर पडलीय. बाकीचेही फारसे तापलेले नव्हते. तापली ती मिरची. आम्ही आलो तेव्हा अंगणात उन्हात वाळलो, उखळात कुटून घेतलं, ठसका लागला म्हणून शिव्या खाल्ल्या, तेव्हा कुठे आमचं नाव झालं. यांना यातलं काही नको, नुसतं आयतं आत यायचंय, असं ती तावातावाने सांगत होती. तिचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. सोसलं होतं बिचारीने. जिऱ्याने मान डोलावली आणि सहज विचारलं, ती बाहेरची ढोबळी तुझी कोण?

“कोणी नाही,” मिरची म्हणाली. “रंग सारखा आहे, एवढंच.”

समोर ती वाटी दिसत होती.

ठराव झाला, दार बंद करायचं. मग मोहरी तडतडत म्हणाली की नुसतं बंद करून भागायचं नाही, बाहेरच्यांची नजर आत पडता कामा नये, दारावर कोणीतरी जबर हवं. सगळ्यांनी मिरचीकडे पाहिलं.

“हा मान तुझाच,” हळद म्हणाली. “तुझ्याइतकं इथलं दुसरं कोण आहे?”

मिरचीला भरून आलं. हे ऐकण्यासाठी तिच्या पणजीने जन्म घालवला होता. तिने हळूच वाटीचं विचारलं, तर ते बघू सावकाश, असं सगळ्यांनी प्रेमाने सांगितलं.

सुईदोरा आला. सुई अंगातून आरपार गेली तेव्हा मिरचीला जोराची कळ आली, पण मानाच्या कामात एवढं चालायचंच, अशी तिने मनाची समजूत घातली. तिच्याखाली एक लिंबू ओवलं. त्याचं मत कोणी विचारलंच नव्हतं. मग सगळ्यांनी तिला वाजतगाजत नेलं, चौकटीला बाहेरच्या बाजूने टांगलं, आणि आत जाऊन कडी घातली.

पायरीवर करंडी अजून तशीच होती. ढोबळीने वर पाहिलं. दोऱ्याला लोंबणाऱ्या ताईला ती जरा वेळ न्याहाळत राहिली. मग शेजारणींना सरकायला सांगून तिने करंडीत एक कोपरा मोकळा केला.

“ताई,” ती म्हणाली, “तुलाही आत घेतलं नाही का गं?”