सुभानजी पाटलाने सोडलेला शेपू

खडकजाईच्या देवळामागे, उघड्या कातळाच्या उतारावर, एक हिरवी पट्टी आहे. कातळवेढ्याला आलेले पाहुणे दर्शन घेऊन मागच्या बाजूला वळले की आधी त्यांच्या नाकाला वास लागतो आणि मग ती पट्टी दिसते. शेपू! कोणी पेरलेला नाही, कोणी राखलेला नाही. दर थंडीला आपला आपण उगवतो. पाहुण्यांत कोणीतरी नाक मुरडतोच. मग ओट्यावर बसलेले राणोजीबाबा गालात हसतात.

"मुरडा, मुरडा. आमच्या पाटलानं बी मुरडलं हुतं. त्याचं काय झालं ते ऐका, मंग वाटंला लागा."

हा पाटील म्हणजे सुभानजी. किती पिढ्यांमागचा ते आता कोणालाच सांगता येत नाही, पण माणूस मोठा होता, यावर गावात दुमत नाही. अंगाने धिप्पाड, बोलण्यात रोखठोक. वाघाच्या मागावर एकटा गेलेला, भांडणाऱ्या भावांना एका पंगतीला बसवणारा. असा हा गडी एका पालेभाजीपुढे मात्र हात टेकायचा. आळीत कुणाच्या चुलीवर शेपू शिजला की सुभानजी उपरणं नाकाला लावून वाट बदलत असे. घरात तर शेपूचं नावही काढायची सोय नव्हती.

खडकजाईचा रिवाज जुना आहे. आईकडे काही मागायचं तर आपल्या आवडीचं काहीतरी सोडायचं. कोणी आंबा सोडला, कोणी गूळ सोडला, एका म्हातारीने तर तपकीर सोडली म्हणे. सोडलेली वस्तू पुन्हा तोंडाला लावायची नाही, आणि लावली तर देवी दिलेलं परत नेते, अशी सगळ्यांची श्रद्धा.

सुभानजीला एकच मुलगा होता, आणि साळू ही त्याची सून. लग्नाला बरीच वर्षं लोटली तरी घरात पाळणा हलला नव्हता. साळूचं तोंड दिवसेंदिवस उतरत चाललेलं सुभानजीला बघवेना. अखेर जत्रेच्या दिवशी भर गर्दीत तो देवीपुढे उभा राहिला. काय सोडायचं ते त्याने घरूनच ठरवून आणलं होतं. खरवस. गाय व्याली की पहिल्या चिकाचा खरवस आधी सुभानजीपुढे यायचा, आणि त्या दिवशी त्याला दुसरं जेवण लागत नसे. पण हात जोडले आणि नेमकी खरवसाची चव जिभेवर आली. जीभ अडली. आणि मग ती भलतंच बोलून गेली.

"आई, माझ्या घरात पाळणा हलू दे. मी शेपू सोडला. मीच न्हाई, आख्ख्या गावानं सोडला!"

पाटलाच्या शब्दापुढे कोण बोलणार? पुरुषांनी माना डोलावल्या. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. गावची सुईण ठकूमावशी तेवढी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "हलवायाच्या घरावर तुळशीपत्र!" सुभानजीने ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

दुसऱ्याच दिवशी परसापरसातला शेपू उपटून शिवेपार गेला. शेपूचं बी, ज्याला बायका बाळंतशेपा म्हणतात, त्याच्याही पुरचुंड्या गेल्या. सुभानजीने त्या संध्याकाळी पहिल्यांदा गावातून फिरताना छाती भरून श्वास घेतला.

पुढे देवीने ऐकलं. साळूला दिवस गेले आणि थंडीच्या तोंडावर मुलगी झाली. पाटलाने घरोघर गूळ वाटला, पोरीला मांडीवर घेऊन ओसरीत बसला, आणि ज्याला त्याला तिचं नाक दाखवू लागला. पण हा आनंद फार टिकला नाही. साळूच्या अंगावर दूध उतरेना. पोर ओढायची, दमायची, रडायची. शेळीचं दूध पाजून पाहिलं, तर पोट ढोलासारखं टणक झालं. रडणंही हळूहळू बारीक होत गेलं. ठकूमावशीने तिला येत होतं ते सगळं केलं आणि शेवटी ती ओसरीत येऊन उभी राहिली.

"पाटील, आता येकच हाय. बाळंतिणीला शेपूची भाजी घाला, बाळंतशेपाचा काढा पाजा. अंगावर दूध येतं, पोटातला वारा सरतो. आईनं खाल्लं की लेकराला लागतं. आमच्या आज्यांनी ह्याच्यावरच बाळंतिणी उठवल्या."

जमलेल्या म्हाताऱ्यांनी कानावर हात ठेवले. नवस मोडला तर देवी पोर परत नेईल! सुभानजी खाली मान घालून बसला. शेपू आणावा तर देवीचा कोप, न आणावा तर पोर डोळ्यांदेखत चाललेली. तेवढ्यात बाळंतिणीच्या खोलीच्या दाराआडून साळूचा आवाज आला. सासऱ्यापुढे ती आजवर मोठ्याने बोलली नव्हती.

"मामंजी, आईनं तुमच्याकडं शेपू मागितला हुता का?"

सुभानजी उठला आणि अनवाणीच देवळाकडे निघाला. मागे गाव निघालं. गाभाऱ्यासमोर गेल्यावर मात्र त्याला देवीकडे बघायचं धाडस होईना, म्हणून तो वळसा घालून देवळामागे गेला. आणि तिथेच थांबला. जिथे गवताचं पातं जगत नाही त्या कातळाच्या फटीफटीतून शेपू उभा होता. हिरवागार, वाऱ्यावर डुलणारा, आणि वास तर असा की नाकाला उपरणं लावूनही चुकवता येऊ नये. पाखरांनी बी टाकलं असेल, असं कोणी म्हणतात. गाव म्हणतं, देवीने पाटलाचं दान मागच्या दाराने बाहेर फेकलं.

सुभानजी त्या कातळावर गुडघे टेकून बसला. "आई, मी तुला फशिवलं," तो म्हणाला, आणि एवढा मोठा माणूस सगळ्यांसमोर रडला. "मला नको हुतं ते तुझ्या गळ्यात मारलं. बायामाणसांचं औषीद हिसकावून तुझ्याम्होरं ठेवलं. तू ठेवून घेतलं न्हाईस, बरं केलंस. खरवस सोडला, आई. आन् हे नाक मुरडणं बी सोडलं."

त्याने स्वतःच्या हाताने शेपू खुडला. घरच्या बायका पुढे झाल्या, तर त्याने त्यांना थांबवलं. फसवलं मी, तर निस्तरायचंही मीच. त्याने भाजी निवडली, धुतली, जाडीभरडी चिरली, मूगडाळ आणि लसूण घालून लोखंडी कढईत शिजवली. जन्मात चुलीपुढे न बसलेल्या पाटलाच्या डोळ्यांतून धुराने पाणी वाहत होतं. भाजी झाली, पण ती साळूच्या ताटात वाढायला कोणाचा हात उचलेना. नवस मोडला असं देवीने धरलं तर?

"कोप व्हायचा त्यो माझ्यावर हूं दे," सुभानजी म्हणाला, आणि पहिला घास त्याने स्वतःच्या तोंडात घातला.

गाव श्वास रोखून उभं होतं. पाटलाचं तोंड वाकडं झालं, डोळे मिटले, घास कसाबसा खाली उतरला. आकाश कोसळलं नाही. थोड्या वेळाने एक भला मोठा ढेकर तेवढा आला. आधी ठकूमावशी हसली, मग सगळं गाव हसलं, आणि खोलीतून साळूही हसली. बाळंत झाल्यापासून तिला हसताना कोणी ऐकलं नव्हतं. मग ती पोटभर जेवली. पुढच्या दिवसांत तिला दूध आलं, पोरीचं पोट निवलं, आणि रडणं पुन्हा आळीभर ऐकू जाऊ लागलं. पोरीचं नाव जाई ठेवलं.

आता शेपू खाल्लेला काही लपत नाही. संध्याकाळपर्यंत ढेकर सांगत राहतो. सुभानजीनेही तो लपवला नाही. त्या दिवशी तो चावडीवर गेला, पाणवठ्यावर गेला, दारोदार फिरला, आणि कोणी विचारलं की छाती पुढे काढून म्हणाला, "व्हय, मीच खाल्लाय!"

आजही कातळवेढ्यात कोणी नवस बोलायला उभं राहिलं की गुरव आधी विचारतो, "आवडीचं हाय ना?" आजही गावात लेक किंवा सून बाळंत झाली की घरातला सगळ्यात मोठा पुरुष देवळामागे जाऊन शेपू खुडतो, स्वतः निवडतो, स्वतः शिजवतो, आणि चारचौघांत पहिला घास खातो. बायका त्याचं तोंड बघायला मुद्दाम जमतात. मग तो पांढरा सदरा घालून चावडीवर येऊन बसतो आणि ऐटीत ढेकर देतो. मुलगा की मुलगी, हे तिथे कोणी विचारत नाही. बसलेले लोक एवढंच म्हणतात, "सुखरूप?"

आणि तो म्हणतो, "दोघं बी."