बारावा डोस
डॉक्टर वर्तकांनी भास घडवणाऱ्या अळंबीपासून उदासीवर औषध काढलं. औषधाची कंपनी निम्मी त्यांची, आणि रोगी बरा झाला की नाही हे ठरवणारेही तेच! शाल्मलीची मावशी ते औषध घेऊनही दिवसभर रडायची, तरी डॉक्टरांच्या वहीत ‘बरी’. कॉलेज सोडून बसलेली शाल्मली थेट औषधाची चौकशी करणाऱ्या समितीपुढे गेली.

“बाळ, मला कसला स्वार्थ?” शेजारी राहणारे डॉक्टर लाडानं म्हणाले. “मी स्वतः अकरा डोस घेतलेत. पहिल्याच डोसाला ‘माझं माझं’ सुटतं.”

“काका, अकरा डोसांनंतरही निम्मी कंपनी तुमच्या हातून सुटली नाही? मग वहीत लिहा, औषध लागू पडत नाही!”

समिती खो खो हसली. डॉक्टर ओशाळले, मग तेही हसले. वही समितीतल्या डॉक्टरीणबाईंकडे सरकवत म्हणाले, “मावशीला तुम्हीच तपासा. मला या कार्टीचा बारावा डोस लागू पडला.”