तुटक रेघांची भिंत

"म्हातारा पंधरवडा काढत नाही. त्याआधी नवीला भिंतीपुढं बसवू. गेला, तर कुणामुळं गेला हे तरी सांगता येईल. नाहीतर गाव माझ्याकडं बोट दाखवेल."

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, त्या काळातल्या एका गावात एक सासू आपल्या बहिणीला, घरच्या मावशीबाईंना, हे सांगत होती. कुडापलीकडं नवी सून तांदूळ निवडत होती. ती फारशी बोलत नसे, त्यामुळं तिला ऐकूही कमीच येत असावं, असा घरात समज होता.

त्या गावची रीत अशी. नव्या सुनेनं गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठीनं घरातली सगळी माणसं काढायची. एका माणसाला एकच रेघ, मध्ये बोट उचलायचं नाही. ज्याची रेघ तुटेल, त्याचं आयुष्य तुटेल. म्हणून प्रत्येक सून श्वास रोखून काढी आणि गावातल्या भिंतींवर काड्यांसारखी ताठ माणसं उभी असत. हसणारं एकही नाही. हसण्यापुरती रेघ वळवायची कुणाची छाती नव्हती.

या घरातल्या थोरल्या सुनेची रेघ नवऱ्याच्या गुडघ्याशी तुटली होती. वर्षाच्या आत त्याला साप चावला. तेव्हापासून चार वर्षं ती गोठ्यात राहत होती.

धाकटी भिंतीपुढं बसली तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर तोच गोठा होता. हातातली वाटी थरथरत होती. मागं बाजेवर सासरा धापा टाकत पडला होता. नवऱ्यानं बजावून ठेवलं होतं, की माणसं लहान काढ, लहान माणसाला रेघ कमी लागते.

तिनं एकदा सासऱ्याकडं पाहिलं. हा माणूस जाणार होता. रेघ सलग आली तरी मावशीबाईंना त्यात तुटलेली जागा सापडणार होती. म्हणजे गोठा ठरलेलाच. तिच्या बोटावर काहीच अवलंबून नव्हतं. हे उमगलं आणि हात कापायचा थांबला. भ्यायला काही उरलंच नव्हतं.

मग तिनं बोट उचललं, टेकवलं, पुन्हा उचललं. सासरा मोठा काढला, भिंतभर.

"पोरी, खांद्यावर एक करडू दे," तो हळूच म्हणाला. "तरुणपणी मी तसाच हिंडायचो."

तिनं करडू दिलं, त्याचे कान हळदीनं रंगवले. थोरलीला मधोमध काढलं, तिच्यापुढं पळणारी कोंबडी काढली. सासूला हसवलं. नवऱ्याला दाढी दिली, जी त्याला धड येत नव्हती. जेवायची शुद्ध राहिली नाही. सासरा पाहत होता, खोकत होता, मध्येच हसत होता.

आठव्या दिवशी तो गेला.

मावशीबाईंनी त्याच्या रेघेतल्या तुटलेल्या जागा मोजल्या. मग प्रत्येकानं आपापली रेघ तपासली. सलग एकही नव्हती. सासूची रेघ मानेशी तुटली होती; तिनं स्वतःच्या मानेवरून हात फिरवला आणि मटकन खाली बसली. त्याच दिवशी भिंत शेणानं सारवून टाकली. नवरा जमिनीकडं पाहत राहिला. धाकटीनं आपलं गाठोडं उचललं.

गोठ्यात थोरली हात काखेत दडवून बसली होती. धाकटीनं राख कालवली आणि वाटी तिच्यापुढं सरकवली. थोरली म्हणाली, आपला हात वाईट आहे. धाकटीनं वाटी मागं घेतली नाही. बऱ्याच वेळानं थोरलीनं भिंतीवर एक वासरू काढलं. त्याला पाच पाय झाले. दोघी हसल्या.

हसणं ऐकून सासू आणि मावशीबाई दारात आल्या.

"एवढं होऊनही तुला भीती कशी वाटत नाही?" सासूनं विचारलं. तिचा हात अजून स्वतःच्या मानेवरच होता.

त्या घरात कधी मोठ्यानं न बोललेली धाकटी दोघींकडं वळली.

"भिऊन ओढलेल्या रेघेनं आजवर कुणी वाचलेलं नाही, सासूबाई. मग चित्र तरी आनंदानं काढावं."